रोप सुकले तर मुळाकडे पाहा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला काहीतरी उपयोगाचे बोला, अशी आज्ञा चिटणीसबाईंनी मला केली आणि मी विषय सांगितला : स्ट्रॉबेरीच्या मुळांना होणारे बुरशीचे रोग. तो ऐकून त्या क्षणभर गप्पच झाल्या. आपल्या सभांतून आजवर लोणची-पापड, बालसंगोपन, शिवणकाम, आहार असे विषय झाले. मुळ्या कुजण्याचे पुराण ऐकायला कोण येणार, असे त्यांना वाटले असावे. तरीही आपण एवढ्या संख्येने आलात, तेव्हा हा विषय का निवडला ते आधी सांगते.

आपल्या मंडळात कितीतरी जणींचे माहेर वाई, जावळी, महाबळेश्वर या बाजूचे आहे. कितीतरी जणींच्या लेकी तिकडे दिल्या आहेत. त्या घरांचा वर्षाचा पैसा आता बव्हंशी स्ट्रॉबेरीवर येतो. थंडी पडली की आपल्या महाद्वार रोडवर लाल फळांचे डबे दिसू लागतात, मुले हट्ट धरतात, आपण भाव करून डबा घेतो. त्या डब्यामागे कोणा बाईची लावणी, खुरपणी आणि पहाटेची तोडणी असते. आणि ज्या वर्षी मुळाला रोग लागतो, त्या वर्षी त्याच बाईच्या हातातल्या पाटल्या सोसायटीच्या कर्जासाठी सोनाराकडे जातात. हे मी ऐकीव सांगत नाही, आमच्या घरात पाहिलेले आहे. त्याची हकीकत पुढे येईलच.

दुसरे असे की, मुळांच्या रोगाचा नियम एका स्ट्रॉबेरीपुरता नाही. सातारा-सांगलीकडचे आले आणि हळद, आपल्या परसातली मिरची, वृंदावनातली तुळस, या सर्वांना तो लागू आहे. वनस्पतिशास्त्र मी शिकले, काही वर्षे शिकविलेही. पण ते पुस्तकी ज्ञान मी आज आपल्यापुढे ओतणार नाही. ज्याचा हाताने उपयोग करता येईल तेवढेच सांगेन.

प्रथम पिकाची थोडी ओळख. स्ट्रॉबेरी आपल्या मातीतली नव्हे. इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात महाबळेश्वरी राहू लागले, त्यांच्या मागोमाग ती आली आणि त्या थंड डोंगरावर रुजली. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. माती तांबडी, जांभ्याची. पाऊस मात्र विलक्षण : कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे एक हजार मिलिमीटर पडतो, तर तेथे पाच हजारांहून अधिक. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. पाचगणीजवळचे भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणून प्रसिद्धीस आले, ते मुळात स्ट्रॉबेरीचेच गाव. आपल्यापैकी पुष्कळ जणी सहलीला गेल्या असतील, त्यांनी ती रांगेतली रोपे पाहिलीच असतील.

हे पीक बियांपासून करीत नाहीत. मूळ रोपाला जमिनीवरून धावणारी लांब फांदी फुटते, तिला शेतकरी रनर म्हणतात. तिच्या पेराला नवे रोपटे येते. मातृरोपे परदेशातून मागवितात; ती उन्हाळ्याच्या अखेरीस रोपवाटिकेत लावतात आणि पावसाळाभर त्यांच्या रनरपासून पिशव्यांतून रोपे तयार करतात. महाबळेश्वरच्या पावसात हे अवघड, म्हणून पुष्कळ रोपवाटिका खाली वाईच्या अंगाला असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की, शेतात लावणी होते. थंडीत फळ सुरू होते ते उन्हाळ्यापर्यंत चालते. ही साखळी ध्यानात ठेवा. मातृरोपापासून शेतापर्यंत रोप चार हातांतून जाते, आणि रोगही त्याच वाटेने येऊ शकतो.

आता मुळाकडे वळू. मूळ पाणी पिते हे आपल्याला शाळेत शिकवितात. मूळ श्वास घेते, हे मात्र आपण विसरतो. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांत हवा असते आणि तीवर मूळ जगते. या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या की मूळ गुदमरते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शेतात दिवसच्या दिवस उभे राहिले, तेव्हा आपण सर्वांनीच हे पाहिले. उसाचे बुडखे पाण्यात आणि वरचा पाला पिवळा. पाण्यात उभे असलेले पीक सुकते, हे ऐकायला उलटे वाटते. पण ते खरे आहे. तुळशीला श्रद्धेने दोन वेळा तांब्याभर पाणी घालणाऱ्या घरची तुळस पुष्कळदा काळी पडून जाते, त्याचे कारणही बहुधा हेच.

गुदमरलेल्या मुळावर बुरशी बसते. मातीत बुरशीच्या असंख्य जाती राहतात. बहुतेक निरुपद्रवी, काही उपकारक आणि थोड्या घातक. घातकांपैकी एकीचे नाव फायटॉप्थोरा. ॲन्टन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये हे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थच 'वनस्पतींचा नाश करणारी'. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासून मोठा दुष्काळ पडला, तो हिच्याच एका जातीने. आणि कोकणात सुपारीला कोळेरोग होतो तोही हिच्याच गोतावळ्यातला. आता शास्त्रज्ञ हिला खरी बुरशी मानीत नाहीत, शेवाळाच्या जवळची म्हणतात. आपल्या कामाला बुरशी म्हटले तरी चालेल. महत्त्वाचे हे की, हिच्या बीजाणूंना बारीक शेपट्या असतात आणि ते पाण्यात पोहतात. मातीत पाणी साचले की त्यांना रस्ता मिळतो. एका कुजक्या मुळापासून दुसऱ्या निरोगी मुळापर्यंत ते पोहत जातात. आल्याची कंदकूज करणारी पिथियम हिचीच चुलत बहीण.

आता आमच्या घरची हकीकत सांगते. माझ्या वन्संचे पाचगणीच्या खालच्या अंगाला वीस गुंठ्यांचे रान आहे. काही वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून त्यांनी जरा स्वस्तात रोपे आणली. लावणी झाली, नोव्हेंबरात फुले आली, सगळे आनंदात. डिसेंबरच्या मध्याला उताराच्या तळाशी असलेली रोपे दुपारी माना टाकू लागली. संध्याकाळी पुन्हा ताठ उभी राहत. वन्संचे यजमान म्हणाले, ऊन लागते आहे, पाणी वाढवा. पाणी वाढविले. आठ दिवसांनी संध्याकाळीही रोपे उठेनात. मग खत सोडले. मग दुकानातून तीन बाटल्या औषधे आली आणि पानांवर फवारली. शेजारीपाजारी म्हणू लागले, नजर लागली, लिंबू बांधा. लिंबूही बांधले.

फळे तोडायला येणारी एक वयस्क बाई रोज हे पाहत होती. तिला कोणी विचारले नव्हते. एके सकाळी ती आपण होऊन वन्संना म्हणाली, "वैनी, ही तहान न्हाई. हितं पाय ठिवला की चिखल लागतुया. तहानलेल्या रोपाखाली चिखल कसा आसंल?" वन्संनी खुरपे मागविले आणि एक रोप मातीसकट उचलले. मुळ्या काळ्या पडल्या होत्या आणि बारीक तंतुमुळे जवळजवळ नव्हतीच. जी रोपे वाचवायला दिवसरात्र पाणी सोडीत होते, ती पाण्यानेच मरत होती. खालचा तिसरा हिस्सा त्या वर्षी हातचा गेला. पण पाणी तोडले, रानाच्या वरच्या बाजूने आणि तळाशी चर काढून साचलेली ओल बाहेर काढली, रोगट रोपे उपटून बाहेर नेली, आणि वरचा दोन हिस्से माल वाचला. पाटल्या सोडवायला मात्र दुसरा हंगाम लागला.

भगिनींनो, या गोष्टीतून मला एकच सांगायचे आहे. मुळाचा रोग पानावर दिसतो, पण पानावर बरा होत नाही. रोप सुकले की हात आधी पाण्याच्या चावीकडे जातो, मग औषधाच्या बाटलीकडे. तो आधी खुरप्याकडे गेला पाहिजे.

पाहायचे कसे, ते क्रमाने सांगते. रोप हिसका देऊन उपटू नये. कुजलेली तंतुमुळे मातीतच तुटून राहतात आणि आपल्याला काही कळत नाही. खुरप्याने भोवतालच्या मातीसकट उचलावे. दोन रोपे घ्यावीत : एक माना टाकू लागलेले आणि एक शेजारचे, चांगले दिसणारे. पार वाळलेले रोप घेऊ नये, कारण मेलेल्या मुळावर नंतर येणाऱ्या इतर बुरशा मूळ कारण झाकून टाकतात. बादलीच्या पाण्यात मुळ्या हलक्या हाताने धुवाव्यात आणि पांढऱ्या ताटलीत मांडाव्यात. निरोगी कोवळे मूळ पांढुरके असते आणि त्याला केसासारखी तंतुमुळे भरपूर असतात. जुने मूळ तपकिरी दिसते, पण नखाने साल खरवडली तर आत पांढरे निघते. आतही काळे निघाले तर समजावे की मूळ मेले.

यानंतर मुळांच्या वरचा, पाने फुटतात तो गड्डा पाहावा. शेतकरी त्याला क्राऊन म्हणतात. तो सुरीने किंवा विळीवर उभा चिरावा. निरोगी गड्डा आतून पांढरट असतो. आत तपकिरी किंवा तांबूस दिसला, तर कूज गड्ड्यात शिरली आहे.

आता रोगारोगांतला फरक. पहिला, काळी मूळकूज. हिच्यात रायझोक्टोनिया, पिथियम, फ्युजॅरियम अशा अनेक जणी मिळून काम करतात, कधी सूत्रकृमीही त्यांना साथ देतात. रोप एकदम मरत नाही. खुरटते, फळ बारीक येते, मुळ्यांवर काळे डाग पडत जातात. वर्षानुवर्षे एकाच रानात स्ट्रॉबेरी घेतली की हा रोग बळावतो.

दुसरा, फायटॉप्थोराची गड्डाकूज. यात कोवळी मधली पाने आधी मलूल होतात आणि थोड्याच दिवसांत सबंध रोप कोसळते. बोटाने ओढले तर रोप गड्ड्यापाशी मोडून हातात येते. सखल भागात, पाणी साचते तेथे तो आधी दिसतो. कोलेटोट्रायकम नावाची आणखी एक बुरशी असेच रोप कोसळविते. तीत गड्ड्याच्या आत संगमरवरासारखे तांबूस-पांढरे पट्टे दिसतात. ती मुख्यतः रोपांबरोबर येते आणि पावसाच्या शिंतोड्यांनी पसरते.

तिसरा, व्हर्टिसिलियमची मर. यात उलट खूण : बाहेरची जुनी पाने वाळतात आणि मधली कोवळी पाने बराच काळ हिरवी राहतात. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांनाही ही बुरशी लागते. म्हणून या पिकांच्या मागोमाग त्याच रानात स्ट्रॉबेरी लावू नये.

चौथा, मॅक्रोफोमिनाची कोळशी कूज. ही मात्र पाण्याने नव्हे, उष्णतेने आणि पाण्याच्या ओढीने बळावते. हंगामाच्या अखेरीस, ऊन तापू लागले की दिसते. ज्वारीला खडखड्या होतो तो याच बुरशीने. तेव्हा सगळी मर अतिपाण्याचीच, असाही समज करून घेऊ नये. म्हणून तर मुळाकडे पाहायचे.

आणि एक पाचवी गोष्ट, जी रोगच नव्हे. मुळ्या कुजलेल्या नसून कुरतडलेल्या असतील, तर मातीत हुमणी शोधा. आपल्या ऊसवाल्यांना ती सांगायला नको. बुरशीचे औषध तेथे वाया जाते.

डोळ्यांनी एवढे ओळखता येते. याहून नक्की निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते. त्यासाठी मुळासकट, ओलसर मातीसह रोप पिशवीत घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवावे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, त्याचे आपल्या गावातले १९६३ साली सुरू झालेले कृषी महाविद्यालय, शिवाय तालुक्याचे कृषी अधिकारी, ही आपली हक्काची ठिकाणे आहेत. दुकानदाराकडे नुसते पान नेऊन दाखविण्यापेक्षा तेथे सबंध रोप नेणे केव्हाही चांगले.

येथे मला एका बाईंची आठवण करून द्यायची आहे. स्कॉटलंडमध्ये लॅनार्कशायर नावाचा स्ट्रॉबेरीचा मोठा प्रांत होता. १९२० च्या सुमारास तेथे रोपे खुरटून मरू लागली. मुळ्या उंदराच्या शेपटीसारख्या सडसडीत होत आणि उभ्या चिरल्या तर आतला गाभा तांबडा निघे. म्हणून त्याला तांबड्या गाभ्याचा रोग म्हणू लागले. त्यावर ज्यांनी संशोधन केले त्यांत नोरा लिलियन अल्कॉक या होत्या. त्यांचे वडील सर जॉन स्कॉट हे काही वर्षे मुंबईच्या हायकोर्टात न्यायाधीश होते. पती १९१३ मध्ये वारले, तेव्हा पदरी चार मुले होती. अशा स्थितीत त्यांनी वनस्पतिरोगांचे शास्त्र आत्मसात केले आणि १९२४ मध्ये त्या स्कॉटलंडच्या पहिल्या सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ झाल्या. १९३५ मध्ये त्यांना सरकारी सन्मानही मिळाला. तो रोग फायटॉप्थोराच्याच एका जातीने होतो आणि रोगट रोपांबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावी जातो. पुढे त्याला दाद न देणाऱ्या जातीही निघाल्या. पण रोगाने नवी रूपे घेतली आणि मूळ धडा तसाच राहिला : निरोगी रोप आणि निचऱ्याची जमीन. मुळाकडे पाहण्याचे काम बाईमाणसाचे नाही, असे कोणी म्हटले तर अल्कॉकबाईंचे नाव सांगा.

आता उपाय. मी ते तीन वेळांत वाटते : लावणीपूर्वी, लावणीच्या दिवशी आणि लावणीनंतर.

लावणीपूर्वी रान निवडावे. पाऊस पडून गेल्यावर एक दिवसाने रानात जावे. जेथे पाणी उभे दिसेल ती जागा सोडावी किंवा तेथून चर काढावा. फूटभर उंचीचे गादीवाफे करावेत आणि त्यांना उताराच्या बाजूने वाट ठेवावी. एकाच रानात दर वर्षी स्ट्रॉबेरी घेऊ नये. मध्ये गव्हासारखे धान्य घ्यावे. कॅलिफोर्नियात ब्रोकोलीची फेरपालट करून आणि तिचा पाला मातीत गाडून व्हर्टिसिलियमचा जोर कमी केल्याचे तेथील संशोधकांनी दाखविले आहे. ज्यांचे रान खाली, कडक उन्हाच्या मुलखात आहे, त्यांनी एप्रिल-मे महिन्यांत माती भिजवून तीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून चार ते सहा आठवडे कडा मातीने बंद ठेवाव्यात. आतली उष्णता वरच्या थरातील पुष्कळ घातक बुरशांना मारते. १९७६ मध्ये इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी ही रीत जगापुढे मांडली. वाळवणाच्या अंगणातले ऊन आपण जसे वापरतो, तसेच हे. कागद मात्र काळा नको, पारदर्शकच हवा.

लावणीच्या दिवशी रोप पारखून घ्यावे. भाजी घेताना आपण वांगे उलटून पाहतो, आंब्याचा देठ हुंगतो. मग सबंध वर्षाचा पैसा ज्यावर आहे ते रोप पिशवीतून काढून न पाहता कसे घ्यायचे? दर गठ्ठ्यातली चार-दोन रोपे धुऊन, मुळ्या पाहून, गड्डा चिरून पाहावा. रोपवाटिकेचा माणूस कुरकुरला तर कुरकुरू द्यावा. लावताना गड्डा मातीच्या पातळीला ठेवावा. तो पुरला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळ्या वाळतात. हे काम बहुतेक बायकाच करतात, आणि अर्धी लढाई तेथेच जिंकली किंवा हरली जाते.

लावणीनंतर पाणी बेताचे. ठिबक असले म्हणून जास्त पाणी होत नाही, असे नाही. चावी उघडी राहिली की थेंबाथेंबानेही तळे साचते. चार बोटे खोल माती उकरून मूठ वळावी. बोटांतून पाणी पाझरले तर चावी बंद ठेवावी. रोगट रोप मातीसकट उचलून पोत्यात भरून रानाबाहेर न्यावे. पाटात किंवा उकिरड्यावर टाकू नये, नाहीतर तोच रोग पाण्याबरोबर किंवा खताबरोबर परत येतो. रोगट भागातले काम शेवटी करावे, आणि खुरपे व पाय धुऊन मगच दुसऱ्या रानात जावे. चिखलाच्या पायांनी रोग गावभर हिंडतो.

ट्रायकोडर्मा नावाची एक उपकारक बुरशी मिळते. ती घातक बुरशीला वेढे घालून खाते. चांगल्या कुजलेल्या शेणखतात पाकिटावरच्या प्रमाणात मिसळून, सावलीत थोडी ओल राखून ठेवावी आणि लावणीच्या वेळी मातीत द्यावी. मात्र ती विरजणासारखी आहे. वेळेवर घातली तर काम करते. दूध नासल्यावर विरजण घालून दही होत नाही, तसेच कुजलेले मूळ ट्रायकोडर्माने जुळत नाही. आणि तिच्याबरोबर रासायनिक बुरशीनाशक देऊ नये, नाहीतर आपणच आपली राखणदारीण मारतो.

औषधांबद्दल थोडे बोलणे भाग आहे. प्रत्येक औषध प्रत्येक बुरशीवर चालत नाही. मेटॅलॅक्झिल फायटॉप्थोरा आणि पिथियमवर चालते, पण रायझोक्टोनियाला त्याचे काही नाही. कार्बेन्डाझिमचे उलट : फायटॉप्थोरा त्याला दाद देत नाही. म्हणजे निदान न करता बाटली आणणे हे पत्ता न लिहिता पाकीट टपालात टाकण्यासारखे आहे. शिवाय या फळाला साल नाही. मुले ते तसेच तोंडात टाकतात. तेव्हा कोणते औषध, किती, आणि ते दिल्यावर किती दिवस फळ तोडायचे नाही, हे कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावे. औषधाचे वेष्टन वाचून घेण्याइतकी शिकलेली मुलगी आज घरोघर आहे. तिला ते मोठ्याने वाचायला सांगावे.

कोणी म्हणेल, परदेशात एखादे जालीम औषध असेल की. होते. कॅलिफोर्नियात लावणीपूर्वी मेथिल ब्रोमाइड नावाचा वायू जमिनीत सोडीत आणि तो मातीतले बरे-वाईट सर्वच मारी. पण तो वर जाऊन पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराचे नुकसान करतो असे आढळले. १९८७ मध्ये झालेल्या माँट्रिअल करारान्वये पुढे त्यावर बंधने आली, आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांत मागे राहिलेली त्याची सवलतही २०१६ नंतर संपली. आता तेथील मोठमोठे बागाईतदारही फेरपालट, निचरा आणि निरोगी रोप यांचा पुन्हा अभ्यास करीत आहेत. जे उपाय आपल्याला गरिबीचे वाटतात, तेच शहाणपणाचे ठरत आहेत.

ज्यांचे शेत नाही, पण सहलीहून आणलेले रोप कुंडीत आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. कुंडीच्या तळाला भोक असावे आणि त्यावर खापरीचा तुकडा ठेवावा. मातीत थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत घालावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. बोट खुपसून पाहावे आणि वरची माती सुकली असेल तरच पाणी घालावे. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ते रोप कष्टाने तगते. पण दोन फळे जरी आली तरी मुलांना मुळाचा धडा मिळेल.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्ट्रॉबेरीच्या रानात लावणी, खुरपणी, पाने काढणे, तोडणी हे सारे बायका करतात. रोप कोणत्या दिवशी मान टाकते, हे त्यांना प्रथम दिसते. पण रोपे कोठून आणायची, पाणी किती सोडायचे, बाटली कोणती घ्यायची, हे ठरविताना त्यांना विचारीत नाहीत. आणि शेतीचे वर्ग भरतात तेव्हा घरचा पुरुष जातो, बाई रानात राहते. मी पुरुषमंडळींवर रोष धरून हे बोलत नाही. वन्संचे यजमान आज स्वतःच सांगतात की, त्या तोडणीवाल्या मावशींना आठ दिवस आधी विचारले असते तर पाटल्या घरातच राहिल्या असत्या. पाहणारे डोळे एकीचे आणि ठरविणारे तोंड दुसऱ्याचे, अशी फारकत झाली की रोगाचे फावते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवते. येत्या पावसाळ्यात, लावणीच्या आधी, कृषी महाविद्यालयातील जाणकारांना आपण येथे बोलवावे आणि ज्यांची शेती आहे त्यांनी आपापल्या रानातले एक एक रोप, मग ते मिरचीचे असो, आल्याचे असो की स्ट्रॉबेरीचे, मुळासकट घेऊन यावे. बादली, ताटली आणि विळी मंडळात आहेतच. आणि येताना आपल्याबरोबर रानात काम करणाऱ्या बाईलाही आणावे. तिला बसायला आपल्या शेजारची जागा द्यावी.

 कोणाच्या काही शंका असतील तर चहाच्या वेळी जरूर विचाराव्यात.